ओळखीचं नेटवर्क

"तो कशाला काढलास?" अप्पांनी विचारलं.

मी पिशवीतून सुगतचा लॅपटॉप काढून टेबलावर ठेवत होते. अप्पा पलीकडच्या कॉटवर उशांना टेकून बसले होते. खुब्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. डाव्या पायाखाली घडी घातलेली गोधडी, उशाशी पाण्याची बाटली, आणि कॉटखाली लघवीची बाटली, जी माझ्याकडे मागायला ते अजून लाजत होते.

"दुपारी तोंडी परीक्षा घ्यायच्यात," मी म्हणाले. "बाहेरून बसलेली मुलं आहेत. त्यांना तारीख दिलीय, बदलता येत नाही. माझा लॅपटॉप दुरुस्तीला टाकलाय."

"मोबाईलवर घे की."

"मोबाईलला घरात रेंज कुठाय? तुमच्याकडं वायफाय आहे ना?" मी देव्हाऱ्याशेजारच्या फळीकडे बोट केलं. तिथं एक पांढरी डबी हिरवे दिवे लुकलुकवत होती. "पासवर्ड काय त्याचा?"

अप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "मला काय ठाव. केबलवाल्यानं बसवलंय. राहू दे की गं ते. आजच्या दिवस शांताक्काकडं जाऊन घे परीक्षा."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. औषधानं गुंगी येत असेल असं मला वाटलं.

बार्शीच्या त्या घरात मी अकरा वर्षांनी पाऊल ठेवलं होतं. सुगत ओव्हाळशी लग्न केलं तेव्हा अप्पांनी तालुक्याच्या पेपरात चौकट छापली होती: 'आमची मुलगी गिरिजा हिच्याशी महालिंग कोठावळे यांचा यापुढे कोणताही संबंध नाही.' ते कात्रण कुणीतरी मला टपालानं पाठवलं. सुगतनं ते वाचलं आणि फक्त म्हणाला, "माझं नाव नाही छापलं." जातीचं बोलायचं असलं की तो असंच काहीतरी अर्धवट बोलून थांबायचा. आई आधीच गेलेली, भाऊ-बहीण नाही. मग मीही ठरवून टाकलं की बार्शी संपली. सुमेधा झाली तेव्हा अप्पांचा फोन आला होता. आवाज ओळखला आणि मी ठेवून दिला. परत त्यांनी केला नाही.

मग सुगत गेला. सौरपंप बसवणाऱ्या कंपनीत होता तो, महिन्यातून दोन-तीनदा सोलापूर भागात कामाला जायचा. परत येताना टेंभुर्णीच्या पुढे हायवेवर उभ्या ट्रकला गाडी धडकली. त्याला वर्ष होत आलं होतं. आणि आता शेजारच्या शांताक्कांचा फोन आला, "तुझे अप्पा न्हाणीत पडलेत. कुणी नाही गं त्यांना. तू येतीस का नाही ते तुझं तू बघ." सुमेधाला पुण्यात सासूबाईंजवळ ठेवून मी आले. का आले, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आल्यापासून आम्ही दोघं फक्त औषधं, वरण-भात आणि उशा यांच्याबद्दल बोलत होतो. सुगतचं नाव त्यांनी काढलं नव्हतं, मीही नाही.

लॅपटॉप सुरू झाला. वायफायची खूण मात्र नव्हती. हे मला माहीत होतं. जायच्या आधी थोडे दिवस सुगत कुरकुरायचा, कुठलासा अपडेट झाल्यापासून वायफाय गेलंय म्हणून. मोबाईल वायरीनं जोडून तो काम भागवायचा. दुरुस्त करायला त्याला वेळच झाला नाही.

मी नाझनीनला फोन लावला. आमच्या कॉलेजच्या संगणक विभागात ती होती. फोन करायला मला मागच्या परसात, धुण्याच्या दगडापाशी जावं लागलं. तिनं आधी मला आत पाठवून लॅपटॉप उचलून आणायला लावला.

"मॅडम, डिव्हाइस मॅनेजर उघडा. यादी येईल. कशासमोर पिवळा त्रिकोण दिसतोय का?"

"दिसतोय. नेटवर्क कंट्रोलर."

"मग काही बिघडलेलं नाही. वायफायचं कार्ड आत जागच्या जागी आहे, त्याचा ड्रायव्हर गेलाय फक्त. ड्रायव्हर नसला की कार्ड असूनही लॅपटॉपला ते ओळखता येत नाही. आता लॅपटॉप उलटा करा, खाली मॉडेल नंबर असेल, तो मला सांगा."

नंबर अर्धा पुसला होता. नख लावून मळ खरवडला तेव्हा वाचता आला. सुगतच्या हातांचाच मळ असेल तो, असं मनात आलं आणि मी खरवडायचं थांबले.

नाझनीननं लिंक पाठवली. मोबाईलवर ड्रायव्हर उतरवून घ्यायचा, वायरीनं लॅपटॉपमध्ये टाकायचा, आणि चालवायचा. परसात उन्हात उभी राहून मी तो उतरवून घेतला. पहिला चुकीचा निघाला. 'हा ड्रायव्हर या यंत्रासाठी नाही,' असं लॅपटॉपनं सांगितलं. नाझनीननं दुसरा शोधला.

"जुनं काही काढून टाकू का?" मी विचारलं.

"नको, नको. अनइन्स्टॉल करू नका. नुसतं अपडेटवर जा आणि ही फाईल दाखवा. म्हणजे आधीचं सगळं सेटिंग तसंच राहील."

मी तसं केलं. परसात पांढऱ्या डबीची रेंज पोचेना, म्हणून नाझनीन म्हणाली आत जा, फोन तुटला तर मेसेज करा. मी स्वयंपाकघराच्या दारात, उंबऱ्याशी येऊन बसले. तिथं फोनची एखादी काडी येत होती. लॅपटॉप मांडीवर घेतला. पडदा काळा झाला, परत उजळला.

"झालं?" नाझनीन.

"थांब. आली खूण. पंख्यासारखी."

"छान! आता त्यावर क्लिक करा, नावं दिसतील. तुमचं नाव निवडून पासवर्ड टाका."

"पासवर्ड नाहीये माझ्याकडे. पण... नाझनीन, हे जोडलं गेलंय."

"कशाला?"

"'अप्पा बार्शी' म्हणून नाव आहे. त्याखाली लिहिलंय, जोडलेलं आहे."

"मग ओपन असेल. नावासमोर कुलूप दिसतंय का?"

"दिसतंय."

"कुलूप असलं तर पासवर्डशिवाय जाणार नाही. आधी कधीतरी जोडलेला असेल, मॅडम. एकदा पासवर्ड टाकून ठेवला की लॅपटॉप लक्षात ठेवतो, परत त्या जागी गेलं की आपणहून जोडून घेतो. मागं कधी आणला असेल तुम्ही."

"मी पहिल्यांदाच आणलाय."

"मग दुसऱ्या कुणी आणला असेल," नाझनीन सहज म्हणाली. तिला काय माहीत असणार.

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. ती मला फार लांबून ऐकू आली. मी पडद्यावरचे ते दोन शब्द परत परत वाचत होते. लॅपटॉप सुगतचा, पासवर्ड सुगतनंच टाकलेला, आणि नाव माझ्या बापाच्या घराचं.

"मॅडम? आहात ना?"

मी फोन ठेवला. लॅपटॉप उचलून अप्पांच्या कॉटसमोर टेबलावर नेऊन ठेवला. ते झोपले नव्हते. पडद्याकडे बघत होते, आणि मग माझ्याकडे.

"अप्पा, सुगत इथं आला होता?"

त्यांनी उशाशी पाण्याची बाटली चाचपली.

"एकदा आला होता का?"

"एकदा नाही गं," अप्पा म्हणाले.

मी खुर्ची ओढून बसले.

"किती वेळा?"

"मोजलं नाही. तीन-साडेतीन वर्षं येत होता. काम असलं की वाट वाकडी करून यायचा."

"माझा नवरा? या घरात?"

"हो."

"आणि मला..."

अप्पा उशीवर सरकायला बघत होते. मी उठले नाही. स्वतःच हातावर जोर देऊन ते थोडे वर झाले, चेहरा कळेनं वाकडा झाला, मग बोलायला लागले.

"पहिल्यांदा आला तेव्हा मी दारातच उभा होतो. म्हणला, मी सुगत, गिरिजाचा नवरा. उन्हातून आलोय, पाणी मिळेल का. मी आत गेलो. स्टीलचा पेला उचलला, परत ठेवला, काचेचा घेतला. त्यानं ते बघितलं. दारातून सगळं दिसतंय ना. प्यायला, पेला खाली ठेवला, नमस्कार करून गेला. मला वाटलं संपलं. तर पुढच्या महिन्यात परत. तवा सरळ आत आला, माठावरचा पेला घेतला, पाणी प्यायला आणि म्हणला, मला हे पाणी आवडलं, अप्पा. मी काय बोलणार होतो? बस म्हणालो."

"मला का नाही सांगितलं?"

"तो म्हणायचा, गिरिजा अजून रागात आहे, घाई करू नका. मी म्हणायचो, तिला कुठल्या तोंडानं भेटू. दोघंही भित्रे. तुला भ्यायलो आम्ही."

हसावं की ओरडावं मला कळेना. जेवताना पलीकडे बसून 'आज करमाळ्याला होतो' म्हणणारा माणूस मला दिसत होता. तो खोटं बोलतो आहे असं मला कधी, एकदाही वाटलं नव्हतं. माझ्याशी बोलायचा तेव्हा त्याचा आवाज बदलत नव्हता, डोळे बदलत नव्हते. मग मी त्याच्याबद्दल आणखी काय काय ओळखलं नव्हतं?

"हे वायफाय त्यानं बसवलं?"

"सुमेधाचं गॅदरिंग होतं. शाळेनं ते इंटरनेटवर दाखवायचं ठरवलेलं. मोबाईलला इथं रेंज नाही म्हणून त्यानं आदल्या आठवड्यात माणूस आणून बसवून घेतलं. पासवर्ड त्यानंच टाकला. मी बघितलं सगळं. पोरगी मोर झालती. शेवटी कॅमेरा मागं फिरला तर तू पण दिसलीस. निळी साडी. टाळ्या वाजवत होतीस."

अप्पा थांबले.

"बोला," मी म्हणाले. "अजून काय आहे ते सगळं बोला."

"नको गिरिजा."

"बोला!"

अप्पांनी पांघरुणाची कड मुठीत धरली. "शेवटचा तो इथंच आला होता."

मला लगेच कळलं नाही. मग कळलं. टेंभुर्णीचा रस्ता बार्शीहूनही जातो.

"त्या दिवशी?"

"त्या दिवशी. जेवायच्या वेळेला आला. म्हणला, अप्पा, आता सांगतो तिला. दिवाळीला दोघींना घेऊन येतो. तू चिडशील, दोन दिवस बोलणार नाहीस, पण येशील, असं म्हणला. मी शांताक्काकडनं शेंगाची पोळी आणवली. पोटभर जेवला. दमलेला दिसत होता. मी म्हणालो, घटकाभर पड. या कॉटवर पडला आणि झोपला. चारला उठवा म्हणला होता."

ते थांबले.

"मी उठवलं नाही गं. एवढा गाढ झोपला होता. म्हणलं झोपू दे लेकराला. आपला आपण उठला तवा दिवस कलला होता. मला हसून म्हणला, तुम्ही गुन्हा केलात अप्पा. आणि घाईघाईनं निघाला. अंधारात गाडी चालवावी लागली त्याला. उजेडी निघाला असता तर तो ट्रक दिसला असता."

टेबलावरच्या लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. मी अप्पांच्या अंगाखालच्या चादरीकडे बघत होते. निळ्या रेघांची साधी चादर. ती मला बघवेना, आणि नजरही हलेना.

"रात्री पोचला का विचारायला मी परसात जाऊन फोन केला," अप्पा म्हणाले. "पोलिसानं उचलला. विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणलो, सासरा आहे. परक्या माणसाला पहिल्यांदाच म्हणलो तसं. मग त्यानं सांगितलं. पुण्यात कुणाला कळवायचं विचारलं. तुझा नंबर मी दिला."

त्या रात्रीचा फोन मला आठवला. हवालदार म्हणाला होता, 'घरच्यांकडून नंबर घेतलाय, ताई.' घरच्यांकडून म्हणजे कुणाकडून, हा प्रश्न मला एक वर्षात कधी पडला नव्हता. माझा नवरा गेल्याचं माझ्या आधी माझ्या बापाला कळलं होतं. मी फोन उचलायच्या आधी ते या कॉटवर बसून होते, हे माहीत असलेले.

"उठवायला पाहिजे होतं तुम्ही," मी म्हणाले.

आवाज चढवून नाही. अगदी नेहमीच्या आवाजात. अप्पांनी मान हलवली, हो म्हणून. आपण काय बोललो ते मला कळत होतं आणि ते मागं घ्यावंसंही वाटत नव्हतं.

तेवढ्यात मोबाईलमध्ये लावलेला गजर टुणटुण वाजला. परीक्षेची वेळ झाली होती. सवयीनं मी लॅपटॉपवर परीक्षेचं पान उघडलं. पडद्यावर एका मुलीचा चेहरा उघडला, केस तेल लावून चापून बसवलेले, मागे कपड्यांची दोरी.

"नमस्कार मॅडम. माझा आवाज येतोय का?"

मी तिच्याकडे बघत राहिले.

"मॅडम? तुम्ही दिसताय मला. पण बोलत नाही आहात. माझ्याकडनं काही बंद आहे का?"

"नाही बाळ," मी म्हणाले. "तुझ्याकडचं सगळं नीट आहे. आज परीक्षा होणार नाही. बाकीच्यांना सांगशील?" आणि झाकण मिटलं.

मी परसात गेले. धुण्याच्या दगडावर बसले. रडायला येईल म्हणून वाट बघितली, पण आलं नाही. सासूबाईंना फोन लावला. "आई, सुगत बार्शीला यायचा हे तुम्हाला माहीत होतं?" त्या म्हणाल्या, "एकदा शेंगाची पोळी आणली होती त्यानं डब्यातून. कुणी दिली विचारलं तर म्हणाला, अप्पांनी. मी पुढं विचारलं नाही, बाई. त्याला तुला स्वतः सांगायचं होतं."

म्हणजे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. पिशवी भरावी, संध्याकाळची गाडी धरावी, शांताक्कांना किल्ली द्यावी, असं मी मनात मांडत होते. किती वेळ बसले होते कोण जाणे. उन्हं भिंतीवर सरकली होती.

आतून आवाज आला. "गिरिजा."

मी दगडावरच बसून राहिले.

"गिरिजा, बाटली दे गं. जमत नाहीये मला."

मी उठले. आत गेले. बाटली दिली, त्यांना एका कुशीवर आधार दिला, तोंड फिरवून उभी राहिले. काम झाल्यावर ती न्हाणीत नेऊन धुतली, जागेवर ठेवली. चादर ओली झाली होती थोडी. ती बदलायला हवी होती. त्यांना पेलून एका बाजूला घेतलं, चादर ओढून काढली, दुसरी घातली. हे सगळं करताना आम्ही दोघं काही बोललो नाही. त्यांचं वजन किती कमी झालं आहे ते मात्र माझ्या हातांना कळलं.

पुढचं थोडक्यात सांगते. त्या संध्याकाळची गाडी मी धरली नाही. दिवाळीला सासूबाई सुमेधाला घेऊन बार्शीला आल्या. सासूबाईंनी आमच्या स्वयंपाकघरात शेगडीसमोर बसून चकल्या तळल्या आणि अप्पा कुबड्या टेकत दारात उभे राहून बघत होते. नंतर अप्पा पाच वर्षं जगले. त्यातली शेवटची दोन आमच्याकडे, पुण्यात. मी त्यांना माफ केलं का, आणि सुगतला केलं का, हे लोक मला विचारतात. मी विषय बदलते. सुगतवर तर मी अजून कधी कधी चिडते, भाजी चिरता चिरता.

पण त्या दुपारी चादर बदलून झाल्यावर मी कॉटच्या कडेला बसले होते, ते सांगायचं राहिलं. वर्षभर मला वाटत होतं की सुगतच्या बाबतीत जे काही होतं ते सगळं माझ्याजवळ आहे आणि त्यात आता भर पडायची नाही. आणि इथं हा म्हातारा बसला होता. मी न पाहिलेल्या कितीतरी दुपारी याच्याजवळ होत्या.

"दुपारचा झोपायचा नाही तो कधी," मी म्हणाले. "घरी तर नाहीच."

"इथं झोपला."

"कसा झोपला होता?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच उजवा हात उचलून गालाखाली घेतला. "असा. भिंतीकडं तोंड करून. पाय पोटाशी."

"घोरत होता?"

"घोरत होता की. एवढा, की शांताक्का दारात येऊन विचारायला लागली, अप्पा, पावणं कोण आलंय म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगणार," अप्पा म्हणाले. "म्हणलं, हळू बोल. जावई झोपलाय."